आबांच्या घराचा विमा आणि मागच्या खोलीतला कापूस

आमचं अंमळनेरचं घर सध्या भाड्याने दिलेलं आहे. आबा-आई २०२३ पर्यंत तिथेच राहायचे, मग आबांची तब्येत बिघडली म्हणून दोघांना जळगावला आमच्याकडे आणलं आणि घरात एक भाडेकरू ठेवला. भाडेकरू ताई नर्स आहेत आणि त्यांचे मिस्टर एमआयडीसीत कामाला, चांगली माणसं, भाडं वेळेवर. आबा २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. हे सगळं आधी सांगतोय कारण पुढे विमावाल्याने यातलंच एकेक विचारलं आणि माझ्याकडे अर्ध्या गोष्टींना धड उत्तर नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी वारा सुटला. आपल्याकडे उन्हाळा संपताना कसा सुटतो माहितीये ना, आधी सगळं पिवळं पिवळं, मग धूळ, मग दहा मिनिटं काहीच दिसत नाही. त्यात आमच्या मधल्या पडवीच्या छपराची पत्रं उडाली. सात पत्रं. पाच आमच्याच अंगणात पडली, एक समोरच्या तारेला लटकलं आणि एक नेमकं शेजारच्या काकांच्या ॲक्टिव्हावर. ताईंचा फोन आला, "दादा, आम्ही बरे आहोत पण छप्पर गेलं."

मला आठवलं की आबांनी घराचा विमा काढला होता. आबा कागद जपणारे, प्लॅस्टिकच्या निळ्या फोल्डरमध्ये सगळं लावलेलं, त्यात पॉलिसी सापडली. भारत गृह रक्षा, २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांनी द्यायची म्हणून जी एकसारखी पॉलिसी आली तीच, आबांनी २०२२ ला तीन वर्षांची घेतलेली. वादळ त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी खूश. मग पहिल्या पानावर वर बघितलं, मुदत १४ फेब्रुवारी २०२५ ला संपलेली. म्हणजे पत्रं उडाली तेव्हा विमा संपून साडेतीन महिने होऊन गेले होते.

आठवण करून देणारे मेसेज आले असतीलच, पण ते आबांच्या नंबरवर. आबा गेल्यावर दोन महिने मीच तो नंबर रिचार्ज करत होतो, उगाच, बंद करवत नव्हतं म्हणून. जानेवारीत शेवटी सोडून दिला. फेब्रुवारीत विमा संपला. असा सगळा योग.

आई शेजारी बसून बघत होती, अहिराणीत म्हणाली, "हाऊ कागद कसाना शे?" सांगितलं विम्याचा. "मंग आते उडेल पत्रासना पैसा भेटतीन का?" नाही आई, नाही भेटणार.

तरी मी प्रयत्न करून बघितला, खोटं कशाला बोलू. ऑफिसमधला एक जण म्हणाला की हेल्थच्या पॉलिसीला ३० दिवस सवलत असते तशी यालाही असेल, आणि नसली तर एजंटला सांगून जुन्या तारखेत करून घे. म्हणून आबांच्या एजंटला फोन लावला. हे गृहस्थ आता सत्तरीचे, आबांचे ओळखीचे, अजूनही स्कूटरवर फिरून धंदा करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, भाऊ, आगीच्या विम्यात, म्हणजे घराचा विमा त्यातच येतो, त्यात असली सवलत नाही, तारीख संपली की रात्री बाराला विषय संपला. आणि जुन्या तारखेचं तर नावच काढू नको, विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी, आधी प्रीमियम कंपनीच्या हातात, मग जोखीम. हे कलम त्यांनी मला पुढच्या महिन्याभरात चार वेळा ऐकवलं.

वरून अजून एक ऐकवलं. "आणि तुझ्या आबांनी घर भाड्याने दिलं हे मला सांगितलं होतं का? पॉलिसीत स्वतः राहतात असं लिहिलंय." म्हणजे विमा चालू असता तरी ही एक गाठ सोडवावी लागलीच असती. आणि शेजारच्या काकांची ॲक्टिव्हा? ती तर साध्या पॉलिसीत येतच नाही, आपल्या घराच्या वस्तूने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. काकांच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी होता, त्यामुळे त्यांनाही त्यांच्या कंपनीकडून काही मिळणार नव्हतं. काकांना ४,२०० दिले, पडवीला नवीन पत्रं, अँगल, हुक, मजुरी मिळून ३८ हजार गेले. विषय संपला.

आता नवीन विमा काढायचा ठरवलं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम, मोबाईलवर होईल. एका कंपनीच्या साईटवर भरायला घेतलं. घर बांधलं कधी? पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आबांनी १९८७ ला स्लॅब टाकून बांधलेलं, पण मागची खोली आजोबांच्या वेळची, तिचं वय कोणालाच माहीत नाही. मी आपलं "४० पेक्षा जास्त" निवडलं. पुढचं पान उघडेना, "आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील" एवढंच. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला, हिंदीत बोलत होती, विचारते घर कच्चा है या पक्का. मी म्हटलं पुढे पक्का, पीछे धाबा. ती म्हणाली सर, ढाबा मतलब होटल? कमर्शियल है?

आता हिला धाबं कसं समजवायचं. सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर लाकडी किलचनं, त्यावर पाला-काडी, त्यावर मातीचा जाड थर, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर खारी माती टाकायची म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात ४५ डिग्रीला आत कूलर लागत नाही. मी हे सगळं मोडक्या हिंदीत सांगत होतो, ती टाईप करत असावी, शेवटी म्हणाली, "सर, मेरे पास ऑप्शन में मिट्टी की छत नहीं है." मग तिने माझा फोन होल्डवर टाकला आणि तो कट झाला. परत काही आला नाही.

परत आलो आबांच्या एजंटकडे. त्यांनी प्रपोजल फॉर्म काढला, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, मी विचारतो, तू लिही, पण खरं लिही. गेल्या काही वर्षांत घराचं नुकसान झालं का? मी विचारलं, पत्रं उडाल्याचं लिहायचं का, क्लेम तर घेतलाच नाही. ते म्हणाले, क्लेम विचारलेला नाही, नुकसान विचारलंय. लिहिलं. घरात कोण राहतं? भाडेकरू. लेखी करार आहे का? नाही, आबांनी तोंडी ठरवलेलं, महिना ४,५००. इथे त्यांनी मान हलवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद ऐकून मी त्याच आठवड्यात ऑनलाईन लिव्ह अँड लायसन्स करून टाकलं. त्याचा विम्याला पण उपयोग आहे, कारण घर जळालं, पडलं आणि राहण्यासारखं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही या पॉलिसीत मिळतं, पण भाडं किती होतं हे दाखवायला कागद नको का.

मालक कोण? घरपट्टीवर अजून आबांचंच नाव. वारस तीन, आई, मी आणि बहीण. मृत्यू दाखला, घरपट्टीची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, आमची दोघांची सही की आईच्या नावाने काढायला हरकत नाही, आईचं आधार-पॅन (२०२३ च्या जानेवारीपासून विम्याला केवायसी लागतंच) असं सगळं जोडलं. हे लिहायला एक ओळ लागली, करायला १२ दिवस, कारण बहीण सुरतला.

मग रकमेवर वाद. माझ्या मेव्हण्याचं म्हणणं की घर ३५ लाखाला मागत होता तो व्यापारी, तर ३५ लाखाचा काढ. एजंट म्हणाले, अरे, त्यातली जमीन जळते का? जमीन कोणी उडवून नेतं का? विमा जमिनीचा नसतो, परत बांधायला किती लागेल त्याचा असतो. टेप घेऊन गेलो, ताईंच्या मिस्टरांनी एक टोक धरलं मी दुसरं, पुढचं पक्कं बांधकाम आतल्या मापाने ६४० स्क्वेअर फूट भरलं. आमच्याकडे साधं बांधकाम १,८०० च्या भावाने धरलं तर ११ लाख ५२ हजार. मेव्हणा अजून नाराज आहे. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप येतं, पण ते आपल्या सामानाला. भाडेकरूचा फ्रिज-टीव्ही आपल्या पॉलिसीत येत नाही, त्यांना नुसत्या सामानाची वेगळी घ्यावी लागते. हे मी ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या बघू दादा. तिथे माझं सामानच काय, दोन पंखे आणि एक गिझर.

आता मुख्य भाग.

विमा मधे तुटलेला, घर जुनं, नुकतंच नुकसान झालेलं, म्हणून कंपनी म्हणाली आधी माणूस पाठवून बघू. जुलैचा पहिला आठवडा, पाऊस सुरू झालेला, आणि आपलं घर विनाविम्याचं. खरं सांगतो, फेब्रुवारी ते जून ते तसंच होतं तेव्हा मला शांत झोप लागत होती, आणि आता माहीत झाल्यावर रात्री वीज कडाडली की मी जळगावात उठून बसायचो.

सकाळच्या गाडीने अंमळनेरला गेलो. कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर आला, पंचविशीतला, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पावसातही कसा काय पांढरा राहिला काय माहीत. मोबाईलवर त्यांचं ॲप, प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, लोकेशन येतं. मीटरचा बोर्ड काढला, त्यात एक वायर उघडी होती, म्हणाला ही बदलून घ्या. टाकी काढली. पुढच्या भिंतीला एक तडा आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला, माझ्या लहानपणापासून आहे, उन्हाळ्यात बोट जाईल एवढा होतो आणि पावसाळ्यात मिटतो. खाली काळी माती, दुसरं काय. त्याने तड्यावर पेन आडवं धरून फोटो काढला आणि म्हणाला असे जमीन बसल्याचे नेहमीचे तडे क्लेममध्ये येत नाहीत बरं का, आणि छताची गळती पण नाही, ती देखभालीची गोष्ट. ठीक.

मग म्हणाला, मागची खोली.

मी म्हटलं, ती रिकामी आहे, धाब्याची आहे, विम्यात घ्यायचीच नाहीये, कुलूप असतं. चावी शेजारच्या काकांकडे. काकांनी चावी देताना माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. कुलूप काढलं, दार आत ढकललं तर ढकलेना. खांदा लावला. वीतभर उघडलं आणि त्या फटीतून कापूस बाहेर आला.

खोली जमिनीपासून सरापर्यंत कापसाने भरलेली. पांढरीशुभ्र. मी नुसता बघत राहिलो. त्या पोराच्या शर्टाला, केसांना, भुवयांना कापूस, तोही बघत राहिला. मागे ताई उभ्या होत्या, म्हणाल्या, "दादा, आम्हाला वाटलं तुमच्याच घरचा आहे."

होताच म्हणा. माझ्या मावसभावाचा. त्याचं गाव १५ किलोमीटरवर, गावातलं घर गळतं आणि उंदीर, म्हणून त्याने जानेवारीतच काकांकडून चावी घेऊन आमच्या खोलीत ३०-३५ क्विंटल आणून टाकला होता. आबांना विचारून दरवर्षी टाकायचा म्हणे. आबा गेल्यावर विचारायला कोणी नव्हतं तर त्याने विचारलं नाही. फोन लावला तर म्हणतो, "भाव येऊ दे भाऊ, मंग इकसू." हा रोग खान्देशात घरोघरी आहे. २०२२ ला एकदा भाव १० हजाराच्या वर गेला, तेव्हापासून जो तो त्या आकड्याची वाट बघत कापूस घरात कोंडून बसतो, माणसं ओट्यावर झोपतात आणि खोलीत कापूस झोपतो. आणि भाव सात-साडेसात हजारावरून हलत नव्हता.

मी त्या पोराला म्हटलं, भाऊ, हा फोटो नाही काढला तर चालेल का, ही खोली तशीही पॉलिसीत नाहीये. आज लिहिताना लाज वाटते पण म्हटलं खरं. तो चिडला नाही. म्हणाला, सर, तुमच्या स्लॅबच्या खोलीची आणि याची भिंत एकच आहे. इथे एक बिडी पडली तर पुढचं घर वाचेल का? आणि उद्या आग लागून क्लेम आला, सर्वेअर आला, राखेत कापूस दिसला, तर पहिला प्रश्न हाच की प्रपोजलमध्ये सांगितलं होतं का. त्याने फोटो काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं, राहत्या घराला लागून कापसाचा साठा. आणि प्रस्ताव परत.

एजंटकाका माझ्यावरच भडकले. "तू मला रिकामी खोली म्हणाला होता!" मी तर खरंच तसं समजत होतो. त्यांनी दोन रस्ते सांगितले. साठा ठेवायचाच असेल तर मग हे राहतं घर म्हणून नाही, धंद्याच्या जागेच्या पॉलिसीत जाईल, ५ कोटींपर्यंतची ती सूक्ष्म उद्यम सुरक्षा, दर वेगळे, अटी वेगळ्या, आणि मावसभावाच्या कापसाचा विमा आपण का काढायचा. नाहीतर खोली रिकामी करून परत फोटो द्यायचे.

मावसभावाशी तीन दिवस भांडण. तो म्हणाला आबा असते तर असं केलं नसतं. हे लागलं मला. मग मावशीला फोन, आईचा मावशीला फोन, दोघी बहिणींचं अहिराणीत काय बोलणं झालं ते मला कळू दिलं नाही, पण चौथ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. तोंड फुगवून. दोन मजूर तोंडाला रुमाल बांधून खोलीत उतरले, पायाने दाबून दाबून गाठोडी बांधली, दिवसभर चाललं. ताईंनी सगळ्यांना चहा केला, कपात कापूस. संध्याकाळी मी झाडू मारला तरी सरांच्या सांध्यात, खुंट्यांना, कोळ्याच्या जाळ्यात पांढरं पांढरं अडकलेलंच. आबांचा एक जुना कंदील पण सापडला कापसाखाली. रॉकेल असलेला.

वायरमनने बोर्डाची वायर बदलली, ६५० घेतले. तो पोरगा परत आला, या वेळी चेकचा शर्ट. रिकाम्या खोलीचा फोटो काढला. पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतलं की मागची धाब्याची खोली यात नाही, घर भाड्याने दिलेलं आहे, मालक आई. तीन वर्षांची घेतली, प्रीमियम जीएसटी धरून दोन हजाराच्या आसपास. एवढ्यासाठी महिनाभर जीव खाल्ला. (सप्टेंबरमध्ये जीएसटी शून्य झाला तो वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याचा, घराला १८ टक्के आहेच, मेव्हण्याने लगेच फोन करून "घाई केली" म्हटलं म्हणून सांगतोय.) लांब मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दरवर्षी १० टक्क्याने आपोआप वाढत जाते, तेवढं बरं. पैसे भरल्याची पावती आली आणि त्यानंतरच जोखीम सुरू, कलम ६४ व्हीबी, एजंटकाकांनी शेवटचं ऐकवलं.

मोबाईल नंबर माझा दिला, दुसरा बायकोचा, आणि ईमेल भाचीचा, ती पोरगी मेल बघते तरी. मुदतीची तारीख आबांच्या निळ्या फोल्डरवर बाहेरून मार्करने मोठी लिहिली. आईने विचारलं काय लिहिलं, सांगितलं. म्हणाली, "तुना नंबर लिखेल शे ना? मना नको."

मावसभाऊ महिनाभर बोलत नव्हता. मग १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं, आणि दोन दिवसांनी त्याचा फोन, बरं झालं भाऊ तू काढायला लावला, जुलैतच विकून मोकळा झालो. जणू मी बाजार बघूनच सांगितलं होतं. मी पण काही बोललो नाही, म्हटलं जाऊ दे, गोडी झाली.

आत्ता परवा परत फोन आला. नवीन कापूस घरात आलाय, गावचं घर अजून गळतंच आहे. इकडचं तिकडचं बोलला, आईची तब्येत विचारली, ताई-दादा कसे आहेत विचारलं, मग हळूच, "भाऊ, मांगनी खोली रिकामीच शे ना?"